अर्ध्या चांदाची लोकर

सुतकातली बाई कुणाच्या दारी जात नाही. दुर्गाबाई आली, तीही भर सकाळी, चाकणच्या घोंगडी विणणाऱ्या सणगरांच्या आळीतनं, सगळ्यांच्या देखत.

छबूबाई दारापुढं खुंट्या ठोकून लोकरीचा ताणा मांडत होती. सावली पडली म्हणून तिनं मान वर केली आणि आधी दुर्गाबाईचं कपाळच दिसलं. कुंकू नव्हतं. छबूबाईच्या हातातला धागा सुटला.

"अगं बाई! दुर्गे, कवा गं?"

"परवा रातच्याला. पुन्याला न्हेलतं, तिथंच ग्येले." दुर्गाबाई उंबऱ्यापासून चार हात लांब उभी राहिली. "मी आत येत न्हाई. येवढंच सांग, त्या लोकरीचं काय केलंस?"

दुर्गाबाईचा नवरा मालोजी धनगर म्हणजे उभा दांडगा गडी, पंधरा दिवसांपूर्वी तरण्या मेंढ्याला काखेत धरून ओढा ओलांडणारा. तो गेला म्हणजे काय? छबूबाईला वाटलं, आपण ऐकण्यात चुकतोय.

"मनगटाव फोड आला," दुर्गाबाई सांगत होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "खाजायचा निस्ता. दुखत न्हवता, म्हून कुनी ध्यान दिलं न्हाई. मग मधोमध काळा पडला, कोळशावानी. हात सुजला, ताप चढला. डाक्टर म्हनला, काळपुळी. म्येल्या जनावराची आसतीया म्हनं. कातड्यात ऱ्हाती, लोकरीत ऱ्हाती, वरीस वरीस मरत न्हाई. त्येंनीच ती मेंढी वडून टाकलीवती."

"मी तीन पान्यांनी धुतली गं."

"धू न्हाईतर उकळ. माज्याच्यानं सांगितल्याबिगर ऱ्हावंना. मी ती पुराया पायजे व्हती. तू मागितलीस, मी दिली." एवढं बोलून ती वळली आणि आली तशी गेली.

छबूबाईनं आधी आपले हात बघितले. तळवे, बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपरं. काही नव्हतं. मग पिंपरीच्या बंगल्यातली दहा महिन्यांची इंदू तिच्या डोळ्यांपुढं आली, पालथी पडून गालिच्याची लोकर चोखणारी. आणि छबूबाई भर रस्त्यात मटकन खाली बसली.

आता ही लोकरीची काय भानगड, ते सांगायला पाहिजे.

पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना निघाला, त्याला दोन-एक वर्षं झाली होती. तिथल्या एका साहेबांच्या बायको सुमनताई. मुंबईला चित्रकला शिकलेल्या, बोलायला मोकळ्या आणि हौस म्हणाल तर विचारू नका. नव्या बंगल्याला लांबलचक व्हरांडा, त्याच्याआड दिवाणखाना, आणि दोन्हीकडं अंथरायला बाईंना दुकानातलं काही पसंत पडेना. विचारत विचारत त्या मोटारीनं चाकणला आल्या आणि दत्तोबा सणगराच्या दारात उभ्या राहिल्या. दत्तोबा म्हणजे छबूबाईचा नवरा. घोंगडी विणण्यात त्याचा हात धरणारा त्या पट्ट्यात कुणी नव्हता, पण घोंगडी घेणारंच राहिलं नव्हतं. गिरणीचं ब्लँकेट गावोगाव पोचलं होतं. दत्तोबाच्या चुलतभावानं, रंगरावानं, मागाचा खड्डा मातीनं बुजवला आणि तो एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाला. दत्तोबालाही चल म्हणत होता. दत्तोबा हसायचा आणि खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायचा.

सुमनताईंनी कागद पुढं केला. त्यावर वेडेवाकडे चौकोन, मधेच थांबलेल्या रेघा, आणि एका टोकाकडं सरकलेला पांढरा गोल.

"मला गालिचा हवाय दत्तोबा. रंग द्यायचा नाही. मेंढीचा जो रंग तोच. काळा, तांबूस, पांढरा."

दत्तोबानं कागद उभा धरला, आडवा धरला. "बाई, ह्यो गोल मधी का न्हाई?"

"मधे असला की तो सगळ्यांच्याच घरात असतो तसा होतो."

दत्तोबाला ते इतकं आवडलं की दोन दिवस तो ज्याला त्याला ते वाक्य ऐकवत सुटला. चाळीस वर्षं काळ्यावर काळं विणलेला माणूस. त्याला कुणी पहिल्यांदाच म्हणालं होतं, तुझ्या हाताला येईल ते वेगळं कर. आणि बाई म्हणाल्या होत्या, हा जमला तर आणखी चार बंगल्यांतनं मागणी येईल. म्हणजे खड्डा बुजवायला नको.

घोंगडीचा माग अरुंद. तेव्हा दोन पट्टे विणून मधे शिवायचे, आणि गोल नेमका शिवणीवर. अर्धा चांद एका पट्ट्यात, अर्धा दुसऱ्यात. एक धागा इकडचा तिकडं झाला की चांदाला पोक येणार. दत्तोबानं सुतळीनं मापं घेतली, बोटांनी एकेक धागा भरला, आणि पहिला अर्धा असा उतरवला की शेजारपाजारचे बघायला आले.

आणि पांढरी लोकर संपली! आपल्याकडची मेंढी काळी, पांढरी शंभरात एखादी. कातरणी होऊन गेलेली, धनगर कोकणाकडनं परतून पांगलेले. छबूबाई चार वस्त्या हिंडली. शेवटी कांद्याच्या वावरात मालोजीचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसला होता तिथं गेली, तर दुर्गाबाईजवळ पांढऱ्या लोकरीचं गाठोडं होतं. सांजेला चरून आलेली मेंढी सकाळी फुगून पडलेली होती, नाकातनं काळं रक्त आलेलं. अशी मेंढी लोकरीसकट पुरतात. दुर्गाबाईचा जीव झाला नाही, तिनं मूठमूठ उपटून ठेवली होती.

छबूबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं मागाला हळदकुंकू लावायला लावलं आणि सांगितलं होतं, मेल्या मेंढीची लोकर मागावर चढवायची नाही. का, ते सासूनं सांगितलं नाही, छबूबाईनं विचारलं नाही. तिनं गाठोडं घेतलं, ओढ्यावर तीन पाण्यांनी धुतलं, वाळवलं आणि दत्तोबापुढं पिंजायला टाकताना म्हणाली, "खेडच्या बाजारातनं आनली."

दत्तोबानं मूठभर लोकर उचलली, बोटांत फिरवली, तिच्या तोंडाकडं बघितलं. पण तो नुसता "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं पिंजलेले पेळू तिच्याकडं कातायला दिले. कातताना धागा सारखा तुटत होता, आणि रंगही तसा पांढराफेक नव्हता, जरासा लोण्याच्या अंगाचा. मेल्याची आहे, तुटणारच, असं तिनं मनाला समजावलं आणि कातून मोकळी झाली. चांद पुरा झाला. गालिचा पोचता करायचा म्हणून दत्तोबानं दाढी करवून घेतली, एस.टी.च्या टपावर गालिचा बांधून दोघं पिंपरीला गेली, बाईंनी टाळ्या वाजवल्या, इंदूला गालिच्यावर सोडली. त्याला आज पाच दिवस झाले होते.

छबूबाई उठली. गालिचा परत आणायचा, काहीही करून. कुणाला काही न सांगता आणायचा. सांगितलं तर काय होईल, हे तिच्या मनात एकदम सगळंच उभं राहिलं. साहेब पोलिसांना बोलावणार. पंचक्रोशीत नाव होणार, सणगराच्या बाईनं मेलेल्या मेंढीवर साहेबाची पोर झोपवली. आणि दत्तोबा? सासूनं सांगितलेलं मोडलं, वर त्याच्याशी खोटं बोलले, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

दत्तोबा आत मागाच्या खड्ड्याच्या काठाला टेकून बसला होता. हनुवटीखालनं डोक्यापर्यंत फडकं आवळून बांधलेलं. दोन दिवस दाढ ठणकतेय म्हणत होता. चैताच्या उकाड्यात अंगावर घोंगडी घेतलेली, हे छबूबाईनं बघितलं की नाही कोण जाणे. बघितलं असलं तरी तिच्या डोक्यात शिरलं नाही.

"मी पिंपरीला जाऊन येते. बाईंनी निरोप धाडलाय. शिवन उसवलीया म्हनं."

"शिवन?" दत्तोबाचा आवाज फडक्याआडनं जाड आला. "म्या घातलेली शिवन उसवली?"

"येवढंसं. दोन टाके."

"जा मग. दाभन न्हे. आन् लौकर ये गं. आज जरा बरं वाटंना."

"दाढंला लवंग धरा," म्हणून ती निघालीसुद्धा.

भोसरीपर्यंत एस.टी., तिथनं पिंपरी पायी. उन्हानं माळ पेटला होता. सगळ्या वाटेनं छबूबाई एकच मागणं मागत होती, खंडेराया, पोरीला काही होऊ देऊ नको. मधेच थांबून आपली मनगटं बघायची, परत चालायला लागायची. एकदा करंगळीजवळ तांबडा ठिपका दिसला. थुंकी लावून पुसला तर ताण्याच्या खुंटीची गेरू निघाली.

बंगल्याच्या व्हरांड्यात पाच-सात बायका होत्या. चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, पन्हं झालं होतं, वाटल्या डाळीच्या वाट्या फिरत होत्या. आणि गालिचा मधोमध अंथरलेला. बायका भोवतीनं खुर्च्यांवर बसून त्याच्याकडंच बघत होत्या.

"अय्या, या या छबूबाई! तुमचंच कौतुक चाललंय," सुमनताई उठल्याच. "बघा हो, ह्यांच्या घरी विणलाय. आणि हा चांद बघितलात? एक अर्धा पांढरा स्वच्छ आणि दुसरा किंचित पिवळसर. जशी काही सावली पडलीय. मी कागदावर काढलं होतं त्याहून सुंदर झालंय."

छबूबाईनं बघितलं. खरंच, उन्हात तो लोण्याच्या अंगाचा अर्धा वेगळा दिसत होता. इथं आहे, नेमकं इथं आहे, मरण.

"बाई, गालिचा घरी न्ह्यावा लागंल. शिवन कच्ची ऱ्हायलीया."

"इश्श, आज कसा नेता? आणि उसवलंय कुठे? मला तर दिसत नाही."

"उसवंल म्होरं."

"मग इथेच घाला की टाके. बसा. सगळ्याजणी बघतील तरी कसं करतात ते."

झालं! छबूबाईनं पिशवीतनं दाभण काढलं आणि चांदाच्या कडेला टेकली. दाभणात लोकर काही केल्या ओवेना. बायकांपैकी कुणीतरी हसलं, "आपण बघतोय म्हणून लाजल्या." तेवढ्यात इंदू खुर्चीखालनं रांगत आली. गुटगुटीत, अंगात झबलं, दोन दात. छबूबाईच्या गुडघ्याला धरून उठायला गेली, जमलं नाही, तर पिवळसर अर्ध्या चांदावर पालथी झाली आणि तिनं लोकरीची एक दशी तोंडात घातली.

"ऱ्हाऊ दे गं बाळा, ऱ्हाऊ दे!" छबूबाईनं तिला उचलली. उचलताना झबल्याची बाही वर सरकली. कोपराच्या वर तांबडा फोड होता. हरभऱ्याएवढा.

छबूबाईनं तो बोटानं दाबला. पोर रडली नाही. उलट हसली, दोन्ही दात दाखवून.

दुखत न्हवता, दुर्गाबाई म्हणाली होती. दुखत न्हवता म्हून कुनी ध्यान दिलं न्हाई.

"बाई!" छबूबाई ओरडली. असा आवाज आपल्या घशातनं निघेल हे तिलाही माहीत नव्हतं. "पोरीला घ्या! हिला गालिच्याव सोडू नगा! डाक्टरला बलवा, आदी डाक्टरला बलवा!"

"अहो, काय झालं काय?"

"ही लोकर म्येल्या मेंढीची हाय. ह्यो अर्दा चांद. रोगानं म्येलेली मेंढी. मला ठावं व्हतं. ठावं आसून म्या आनली. ज्येची मेंढी त्यो धनगर परवा म्येला. आसाच फोड आलता त्येला, आसाच, न दुखनारा!" तिनं इंदूला सुमनताईंच्या हातात कोंबली आणि स्वतः लांब जाऊन खांबाला धरून उभी राहिली. "माज्या मालकाला कायबी ठावं न्हाई. त्येंला बोल लावू नगा. मी एकली हाय ह्यात."

मग सगळ्याजणी एकदम उठल्या, खुर्च्या कलंडल्या, डाळीची वाटी गालिच्यावर सांडली. सुमनताई पोरीचं झबलं ओरबाडून तिला पाठीपोटी उलटीपालटी करून बघत होत्या. मग त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बाई आहात की कोण आहात?"



कारखान्याचे डॉक्टर साहेबांबरोबर जीपमधनं आले. उंच, टक्कल पडलेले, कमी बोलणारे. त्यांनी आधी छबूबाईला सगळं दोनदा सांगायला लावलं. काळपुळी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, आणि साहेबांना म्हणाले, "तो गालिचा जाळून टाका. आत्ता. हात न लावता, काठ्यांनी ओढा."

दोन माळ्यांनी बांबूंनी ओढत गालिचा परसात नेला. त्यावर घासलेट ओतलं. लोकर लवकर पेटत नाही, आधी धुमसली, करपल्या केसांचा वास सगळ्या बंगल्यात भरला. दत्तोबाचे चौकोन, थांबलेल्या रेघा, एकेक करून काळ्या झाल्या. चांद सगळ्यात शेवटी गेला. छबूबाईला बघवत नव्हतं, तरी ती बघत होती.

आत डॉक्टरांनी इंदूचा फोड भिंगातनं पाहिला. पाठीवर आणखी दोन निघाले, मानेवर एक. "डास," ते म्हणाले. "मला तरी डासच वाटतो. तरी इंजेक्शन देतो, आणि चार दिवस रोज बघीन. घाबरू नका. वेळेत कळलं तर ह्या रोगाला आता औषध आहे. आपल्याच कारखान्यात बनतं."

सुमनताई तेव्हा रडल्या. पोरीला छातीशी धरून, भिंतीला टेकून, मोठ्यानं. साहेब बाहेर येऊन छबूबाईला म्हणाले, "पुन्हा ह्या फाटकात पाऊल टाकायचं नाही." छबूबाईनं दोन्ही हात जोडले. पोर वाचली ना, मग पोलीस आले तरी चालतील असं तिला त्या घडीला वाटत होतं.

डॉक्टरांनी तिचेही हात उलटेसुलटे पाहिले, तिलाही सुई टोचली. बॅग आवरता आवरता त्यांनी विचारलं, "लोकर धुतली कोणी?"

"मीच."

"आणि विणलं?"

"मालकांनी."

"ते बरे आहेत ना? अंगावर फोड, सूज, ताप?"

"न्हाई न्हाई. ते चांगलं हायती. निस्ती दाढ दुखतीया. दोन दीस झालं फडकं बांधून बसल्याती, हितनं हनुवटीखालनं…"

तिचा हात आपल्याच मानेपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. अंगावरची घोंगडी. जाड आवाज. आज जरा बरं वाटंना. सगळं तिनं सकाळी बघितलं होतं, आणि लवंग धरा म्हणून निघून आली होती.

"डाक्टर," ती म्हणाली. तिनं त्यांची बाही धरली.

डॉक्टरांनी बॅग उचलली, ड्रायव्हरला हाक मारली आणि तिला जीपमध्ये बस म्हणाले.

भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला. छबूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये पाय ठेवला होता आणि तिला वाटत होतं, ही गाडी बैलगाडीपेक्षा हळू चालतेय. परक्याच्या पोरीसाठी दिवसभर जीव मुठीत धरून पळाले आणि घरचा माणूस माझ्या नजरेला आला नाही! त्यानं ती लोकर हातानं भरली, तुटला धागा थुंकी लावून वळला, दातानं तोडला. चाळीस वर्षं तो तसंच करतोय. मी त्याला खरं सांगितलं असतं तर त्यानं हात तरी लावला असता का? तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

दत्तोबा खड्ड्याशेजारीच आडवा झाला होता, डोळे मिटून. डॉक्टर खाली बसले, फडक्याची गाठ सोडली. फडकं निघालं. कानाच्या खाली, मानेवर, मधोमध कोळशासारखा काळा डाग, भोवती टचटचीत सूज, थेट गळ्यापर्यंत.

"केव्हापासून आहे?"

दत्तोबानं डोळे उघडले. साहेबी कपड्यांतला माणूस बघून उठायला गेला, जमलं नाही. "न्हाव्याचा वस्तरा लागलावता सायेब. गालिचा द्याया जायचं म्हून दाडी क्येलती. त्येच चिघळलं. दुखत न्हाई. हिला उगा घोर नगं म्हून दाढ सांगितली."

डॉक्टरांनी सुई भरली. छबूबाईनं नवऱ्याचे पाय धरले. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"माझं चुकलं वो. ती लोकर खेडची न्हवती. मालोजीच्या म्येल्या मेंढीची व्हती. म्या तुमच्याकडनं मागाव चढीवली."

दत्तोबा तिच्याकडं बघत राहिला. मग सुजल्या गळ्यातनं, थांबत थांबत म्हणाला, "येडी का खुळी तू. सणगराला कातरलेली लोकर आन् उपटलेली लोकर वळखाया येत न्हाई व्हय? मुळाशी कातडीचा कोंडा व्हता. पैल्याच मुठीला कळलं मला."

"मग?"

"मग काय. तुझं त्वांड बघितलं. येवढी उन्हातान्हाची हिंडून आनलीस. म्हनलं बोलून काय करायचं. मागाव न्हाई चढीवली म्या."

छबूबाईला कळेना. "मग त्यो चांद कशाचा?"

दत्तोबानं देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीकडं डोळे वळवले. तिथं त्याच्या वडलांची, आबाची, घोंगडी असायची, रुंद पांढऱ्या किनारीची. खंडोबाच्या जागरणाला तेवढी खाली निघायची. आत्ताही तिथंच होती, नीट घडी घातलेली. छबूबाईनं ती उचलून उलगडली. नुसतं काळं अंग निघालं. चारी बाजूंची किनार उसवून काढलेली होती.

म्हणून धागा तुटत होता. म्हणून रंग लोण्याचा होता. जुनी होती ती लोकर, मेलेली नव्हती.

"आन् म्या आनलेली? ती कुठं हाय?"

"टाकवली न्हाई गं. लोकर कशी टाकायची? मागाव चढवू न्हाई म्हनत्यात, उशीत भराया काय हरकत? उशीत भरली. मऊ हाय."

तो त्याच उशीवर मान टेकून पडला होता.

डॉक्टरांना तेवढंच कळलं आणि तेवढं पुरेसं होतं. त्यांनी दत्तोबाचं डोकं स्वतःच्या हातानं उचललं, ड्रायव्हरनं काठीनं उशी ओढून अंगणात नेली. "ह्यांना पिंपरीला न्यायला हवं, आत्ताच. दर काही तासांनी इंजेक्शन लागेल. उद्यापर्यंत राहिले असते तर…"

आळीतल्या चार माणसांनी दत्तोबाला घोंगडीच्या झोळीतनं उचलून जीपच्या मागच्या बाजूला निजवला. त्याच घोंगडीच्या, बिनकिनारीच्या. डोक्याखाली काही नव्हतं म्हणून छबूबाई मागं चढली आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. अंगणात उशी धुमसायला लागली, तोच वास, दिवसात दुसऱ्यांदा.

जीप हलली. खाचखळग्यांत त्याची मान हलू नये म्हणून तिनं दोन्ही तळव्यांनी ती धरून ठेवली. त्याचा प्रत्येक श्वास घशात घरघरत होता.

मोशीच्या अलीकडं त्यानं डोळे उघडले. "छबे. बाईनला चांद आवडला का? शिवनीव जुळलेला दिसला?"

"दिसला," ती म्हणाली. "बाई म्हनल्या, कागदावरल्याहून देखणा झालाय. समद्या बाया त्येलाच बघत व्हत्या."

"आबाची किनार हाय ती. सांगशील का त्येंला?"

धुरात काळा होत जाणारा तो अर्धा चांद तिला परत दिसला. आता सांगावं का? आजवर एक लपवलं त्याचं हे झालं. पण त्याच्या घशातली ती घरघर ऐकून तिची छाती झाली नाही.

"सांगते," ती म्हणाली. "तुमी बरं व्हा. आपून दोघं जाऊन सांगू."

दत्तोबानं डोळे मिटले. तिनं पुढं वाकून ड्रायव्हरच्या पाठीला हात लावला.

"दादा, पिंपरी किती लांब हाय?"

हे ती चौथ्यांदा विचारत होती.